वेबसाइटवरील गिऱ्हाईक मोजा, पाळत ठेवू नका

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी बरेच जण आता दुकानाची छोटी वेबसाइट काढू लागले आहेत. बारामतीत साड्या व ड्रेस मटेरियल विकणारे असोत की इंदापुरात शिलाईकाम करणारे, वेबसाइट सुरू झाली की पहिला प्रश्न एकच असतो: ती पाहते कोण, आणि किती जण पाहतात? याचे उत्तर देणाऱ्या साधनाला वेब ॲनालिटिक्स म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर हा वेबसाइटचा रोजमेळ होय. मात्र हा रोजमेळ कोण लिहितो आणि तो कोणाच्या कपाटात राहतो, हे पाहूनच साधन निवडले पाहिजे.

मोजणी कशी होते?

मोजणीच्या दोन रीती आहेत. पहिली जुनी रीत. वेबसाइट ज्या सर्व्हरवर ठेवलेली असते, तो सर्व्हर प्रत्येक भेटीची नोंद स्वतःच करत असतो: वेळ, उघडलेले पान, आलेल्याचा आयपी पत्ता. ‘गोॲक्सेस’सारखी मोफत साधने या नोंदींची बेरीज करून देतात. यात बाहेरच्या कंपनीचा संबंध येत नाही. मात्र माणसांबरोबर यंत्रांच्या भेटीही मोजल्या जातात आणि आकडा फुगतो.

दुसऱ्या रीतीत पानात एक छोटा कोड बसवतात. पान उघडले की तो कोड मोजणाऱ्या कंपनीला खबर देतो. काही साधने यासोबत गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये कुकी ठेवतात. कुकी म्हणजे ओळखीची चिठ्ठी. तोच मोबाइल पुन्हा आला की चिठ्ठीवरून ओळखला जातो. सर्वांत जास्त वापरले जाणारे ‘गुगल ॲनालिटिक्स’ २००५ साली आले. ते मोफत आहे, पण ते अशी चिठ्ठी ठेवते व तिची मुदत सामान्यतः २ वर्षांची असते. मोठ्या जाहिरातदाराला त्याचा उपयोग आहे. एका गाळ्याच्या दुकानाला त्यातील बहुतेक तक्ते कधीच लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावी. गुगलने आपली जुनी पद्धत १ जुलै २०२३ रोजी बंद केली आणि पुढच्या वर्षी जुन्या नोंदी पाहण्याची सोयही काढून घेतली. ज्यांनी त्या आधी उतरवून ठेवल्या नाहीत, त्यांचा अनेक वर्षांचा हिशेब गेला. वही दुसऱ्याच्या कपाटात ठेवली की असे होऊ शकते.

जपायचे कशासाठी?

कोणी विचारील, साड्या पाहणाऱ्याची माहिती गेली तर काय बिघडले? २०२० च्या नोव्हेंबरमधील एक बातमी पाहा. नमाजाच्या वेळा व किबला दाखवणारे ‘मुस्लिम प्रो’ हे ॲप तोवर ९ कोटी ८० लाखांहून अधिक वेळा उतरवले गेले होते. त्यातून वापरणाऱ्यांचा ठावठिकाणा ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होता, आणि ती कंपनी असा माल अमेरिकन लष्कराच्या कंत्राटदारांना विकत होती, असे ‘मदरबोर्ड’ या अमेरिकन वृत्तपत्रिकेने उघडकीस आणले. त्यानंतर ॲपवाल्यांनी हा संबंध तोडत असल्याचे जाहीर केले. ते ॲप होते, वेबसाइट नव्हे. पण तत्त्व एकच आहे: जे गोळा होते तेच पुढे जाऊ शकते, आणि जे गोळाच केले नाही ते कोणालाही विकता येत नाही. गिऱ्हाइकाची माहिती ही आपल्याकडे अमानत असते.

कायदाही याच दिशेने चालला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. मुख्य बंधनांसाठी नियमांत १८ महिन्यांची मुदत दिली आहे. ओळख पटेल अशी माहिती संमतीने घ्यायची असेल तर आधी स्पष्ट सूचना द्यावी लागते, आणि ती मराठी किंवा उर्दूतही वाचता येण्याची सोय ठेवावी लागते. माहिती जितकी कमी, तितका हा व्याप कमी.

साधी साधने कोणती?

‘प्लॉसिबल’ हे एस्टोनिया देशातील साधन कुकी ठेवत नाही. त्याचा कोड अतिशय हलका असल्याने नेटवर्क कमी असलेल्या गावातही पान अडत नाही. त्याला दरमहा पैसे पडतात, पण स्वतःच्या सर्व्हरवर ते मोफत चालवता येते. ‘उमामी’ही स्वतःच्या सर्व्हरवर मोफत चालवता येते. ‘गोटकाउंटर’ लहान वेबसाइटला मोफत वापरता येते, तर ‘क्लाउडफ्लेअर’ कंपनीचे कुकीविना मोजणारे साधनही मोफत आहे. ‘मॅटोमो’ २००७ पासून, आधी ‘पिविक’ या नावाने, चालत आले आहे. स्वतःच्या सर्व्हरवर त्याची सगळी वही आपल्याकडेच राहते, पण सांभाळायला जाणकार माणूस लागतो.

या साधनांना मर्यादा आहेत. प्लॉसिबलमध्ये ओळखीची खूण रोज बदलते. त्यामुळे तोच माणूस १० दिवस आला तर १० वेगळे दिसतात. रोजच्या आकड्यावर विश्वास ठेवावा, महिन्याची माणसे मोजताना जपून राहावे.

निवडताना काय पाहावे?

१) दुकानाला चारच प्रश्न विचारायचे असतात: रोज किती जण आले, कोणते पान पाहिले, कुठून आले आणि किती जणांनी फोनचे बटण दाबले. एवढे सांगणारे साधन पुरेसे आहे.

२) कुकी नसावी, आणि नोंदी केव्हाही उतरवून घेता याव्यात.

३) गावाच्या आकड्यावर विसंबू नये. मोबाइल कंपनीच्या आयपी पत्त्यामुळे इंदापूरचे गिऱ्हाईक पुण्याचे किंवा मुंबईचे दिसू शकते.

४) व्हॉट्सॲपवरून आलेले गिऱ्हाईक बहुधा ‘थेट आले’ असेच नोंदले जाते. म्हणून बारामतीच्या ग्रुपला एक व इंदापूरच्या ग्रुपला दुसरा दुवा पाठवावा. दुव्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, मग ‘रेफ’, बरोबरचे चिन्ह आणि गावाचे नाव असे इंग्रजी अक्षरांत जोडले की प्लॉसिबलसारखे साधन दोन्हींचा हिशेब वेगळा दाखवते. कोणत्या गावात माल न्यावा, हे कोणाचीही ओळख न विचारता कळते.

५) स्वतःच्या व नोकरांच्या भेटी मोजणीतून वगळाव्यात. नाहीतर आपणच आपले गिऱ्हाईक ठरतो.

वेबसाइट बनवून देणारा बहुधा सवयीने मोठे मोफत साधन बसवून जातो. बांधवांनी त्याला दोनच प्रश्न विचारावेत: गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये काय ठेवता, आणि नोंदी कोणाकडे राहतात? सरळ उत्तर मिळाल्याशिवाय त्याला पुढचे काम सांगू नये.