विश्लेषण : उबुंटू सुरू होईना? फॉरमॅटआधी कर्नल पुन्हा बसवा

पवईच्या आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प लिनक्सचे धडे मराठीतूनही देतो. शेजारच्या अंधेरी, घाटकोपरपासून बोरिवली, मुलुंडपर्यंतच्या विद्यार्थ्यांना तो मोफत उपलब्ध आहे. मात्र, उबुंटू अपडेट होताना लॅपटॉपची बॅटरी संपली, तर पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ दिसू शकते. अशा वेळी सरसकट फॉरमॅट मारल्यास प्रोजेक्ट, फोटो सारेच जाऊ शकते.

बिघडते काय?

कर्नल हा हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरमधला दुवा. त्याच्या मुख्य फाइल ‘बूट’ फोल्डरमध्ये, तर तुमच्या फाइल ‘होम’मध्ये असतात. अपडेट अर्धवट राहिल्यास कर्नल सुरू होत नाही; तुमचा डेटा सहसा जागेवरच असतो.

उपाय काय?

उबुंटू सहसा आधीचा कर्नलही जपून ठेवते. लॅपटॉप सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबा आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. मग टर्मिनलमध्ये ‘अ‍ॅप्ट’ या पॅकेज मॅनेजरला ‘रीइन्स्टॉल’ पर्यायासह बिघडलेल्या कर्नलच्या ‘लिनक्स-इमेज’ आणि ‘लिनक्स-मॉड्यूल्स’ पॅकेजांची नावे आवृत्ती क्रमांकासह द्या. फाइल नव्याने बसल्या की लॅपटॉप रीस्टार्ट करा.

काळजी कोणती?

चार्जर लावून ठेवा. ‘बूट’मध्ये मोकळी जागा आहे ना, ते आधी पाहा. नवा कर्नल नीट चालेपर्यंत जुना काढू नका. जुनाही सुरू होत नसेल, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून आधी फाइल कॉपी करून घ्या.