लोखंडास मातीपासून जपावे

जुना वाडा पाडावयास घेतला की सागवान कोणीतरी मागून नेतो, दगड नव्या पायात जातो. खिडक्यांचे गज आणि सज्जाचे कठडे मात्र भंगाराच्या काट्यावर चढतात. गेल्या उन्हाळ्यात फोपनारला एका स्नेह्यांच्या अंगणात आम्ही हेच पाहिले. भंगारवाला किलोचा भाव सांगत होता आणि घरातल्या आजी कठड्यावर हात ठेवून उभ्या होत्या. अखेरीस कठडा घरातच राहिला. आज त्यावर जाईचा वेल चढला आहे. तो तेथे टिकावा म्हणून काय करावे लागले, ते इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडेल.

प्रथम लोखंडाची जात ओळखावी. घडीव लोखंडात मळीचे बारीक तंतू असतात; ते मोडताना लाकडासारखे चिरफळते आणि तापवले असता ऐरणीवर हवे तसे वळते. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते ठिसूळ असते, हातोडीच्या घावाने तडकते. तेव्हा वाकडा कठडा सरळ करण्यापूर्वी जाणत्या लोहारास दाखवावा. हेन्री कॉर्ट याने 1784 साली इंग्लंडात घडीव लोखंड मोठ्या प्रमाणावर करण्याच्या रीतीचा हक्क नोंदवला. 1889 सालचा पॅरिसचा आयफेल मनोरा याच जातीच्या लोखंडाचा आहे. बेसेमरच्या 1856 सालच्या शोधानंतर पोलाद स्वस्त होत गेले आणि घडीव लोखंडाच्या भट्ट्या हळूहळू विझल्या. आज नक्षीदार म्हणून बाजारात मिळते ते बहुधा पोलादच. म्हणून एकदा वितळवलेला जुना कठडा पुन्हा तसाच मिळावयाचा नाही.

स्नेह्यांचा विचार कठड्याचे पाय थेट जमिनीत पुरण्याचा होता. वास्तविक फोपनारचे नाव जगाला कळले ते जमिनीतून निघालेल्या धातूमुळेच. 1964 साली येथे कांस्याच्या प्राचीन बुद्धमूर्ती सापडल्या. त्यांपैकी काही आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. परंतु कांस्याला जे साधते ते लोखंडाला साधत नाही. दिल्लीचा सुप्रसिद्ध लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडातील फॉस्फरसामुळे पृष्ठभागावर एक रक्षक पापुद्रा धरला आहे. तरीही त्याचा जमिनीतला भाग गंजलेला आढळला आणि 1961 साली त्याला शिशाच्या पत्र्याचे आवरण द्यावे लागले. जे त्या स्तंभाचे, तेच आपल्या कठड्याचे!

यास्तव कठड्याचे पाय दगडी ओट्यावर, जमिनीपासून वीतभर उंच बसवावेत. ओट्याला उतार द्यावा, म्हणजे पाणी साचत नाही. गंजलेले लोखंड फुगते व दगडालाही तडे पाडते, म्हणून सांध्यांत पाणी मुरू देऊ नये. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. तो कोरडा घासू नये, जाळूही नये. ओला करून, तोंडावर योग्य मुखपट्टी लावून खरवडावा, मुलांना दूर ठेवावे आणि खरवड भाजीच्या वाफ्यात पडू देऊ नये. सुटा गंज तारेच्या ब्रशाने काढून, लोखंड पूर्ण वाळल्यावर झिंक फॉस्फेटचा अस्तररंग आणि वर तेलरंग द्यावा.

ज्यांना लोखंडाचा मूळ काळा वर्ण आवडतो, त्यांनी रंगाऐवजी उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये. तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून मगच टाकाव्यात.

निमाडातला वैशाख कडक. तापलेल्या गजाला टेकलेले कोवळे कोंब करपतात. गजांना काथ्याची दोरी गुंडाळली की वेलाला आधारही मिळतो. पावसाळ्याच्या तोंडी मात्र ती सोडावी, नाहीतर तिच्याखाली ओल धरते. जुन्या खिडकीची जाळी गोकर्णाला, तुटका कठडा तुळशीवृंदावनाच्या कडेला शोभतो. टोकदार भाले तेवढे कानशीने बोथट करावेत.

फोपनारच्या त्या घरी आता आखाजीनंतर एकदा आणि खंडेनवमीला एकदा असा वर्षातून दोनदा कठड्याला तेलाचा हात मिळतो. खंडेनवमीला विळे-कोयत्यांबरोबर आजी त्यालाही हळदकुंकू वाहतात.