मोरपिसात निळा रंग नाही

मोरपिसाच्या डोळ्यातला गर्द निळा तंतू खलात घालून अगदी बारीक घोटला, तर हाती निळी पूड येत नाही. मळकट तपकिरी भुकटी येते. हळद कितीही कुटा, पिवळी ती पिवळीच. मोराच्या निळाईचं तसं नाही, कारण तिच्यामागे निळं रंगद्रव्यच नसतं. पिसात रंगद्रव्य असतं ते मेलॅनिन, आपल्या केसांना काळेपणा देणारं. घोटायचं जिवावर येत असेल, तर पीस खिडकीशी धरून आरपार येणाऱ्या उजेडात बघा. निळा-हिरवा झळाळ गायब होतो आणि उरतो काळपट तपकिरी.

शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने ‘मायक्रोग्राफिया’ या पुस्तकात १६६५ सालीच नोंदवलं होतं की मोरपीस पाण्याने भिजवलं की रंग जातात. म्हणजे रंग पदार्थात नसून उजेडाच्या परावर्तनात असणार, हे त्याने ताडलं. मात्र पिसाच्या आत काय दडलंय ते बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला.

पिसाच्या प्रत्येक तंतूला दोन्ही बाजूंनी आणखी बारीक उपतंतू फुटलेले असतात. उपतंतूवर केराटिन या प्रथिनाचं पातळ आवरण, आणि त्याखाली मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्यांची चौकटीदार रचना, मधल्या जागेत हवा. उजेड या कांड्यांच्या एकेका ओळीवरून परततो. परतणाऱ्या लहरी ज्या तरंगलांबीसाठी एकमेकींशी जुळतात, तो रंग उजळतो. बाकीचा बराचसा उजेड मेलॅनिन गिळून टाकतं. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये कांड्यांमधलं अंतर मोजून दाखवलं. निळ्या भागात दोन कांड्यांमध्ये सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्यात १५०, पिवळ्यात १६५. निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा सगळा थाट पंचवीस नॅनोमीटरच्या फरकात उरकलेला! आपला केस याच्या हजारो पट जाड असतो. तपकिरी भागात तर कांड्यांच्या ओळी चारेकच भरतात, निळ्यात मात्र नऊ ते बारा.

पांढऱ्या मोराचं कोडंही इथेच सुटतं. त्याच्या पिसांत मेलॅनिन नाही, म्हणून कांड्या नाहीत, म्हणून निळा-हिरवाही नाही. ‘काळ्याशिवाय निळा नाही’ हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मोराच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे.

वहीत ठेवलेल्या मोरपिसाला पिल्लं होतात, असं शाळेत सगळेच सांगायचे. पिल्लं काही होत नाहीत, पण वर्षानुवर्षांनी वही उघडली तरी निळा तसाच असतो. विटायला निळं रंगद्रव्य हवं ना!

ही किमया एकट्या मोराची नव्हे. आपल्या सज्जात घुमणारा पारवा मान वळवतो तेव्हा हिरवा पट्टा जांभळा होतो. तिथे कांड्यांची चौकट नसते. उपतंतूवरच्या केराटिनच्या एकाच पातळ थराचं ते काम. कोन बदलला की लहरींचा आतला प्रवास बदलतो आणि वेगळाच रंग जुळून येतो.

विजेच्या तारेवर बसलेला नीलपंख, म्हणजे आपला चास, उडाला की पंखांतला निळा लख्ख दिसतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये याच पक्ष्याच्या पिसांच्या रंगांवर लेख लिहिला. हाही रंग रचनेचाच, पण मोरासारखा चंचल नाही. इथे तंतूंच्या आत केराटिनची जाळी असते, हवेच्या इवल्या पोकळ्यांनी भरलेली. पोकळ्यांचा आकार जवळपास सारखा, मांडणी मात्र ठरावीक दिशेची नाही. त्यामुळे कोणत्याही बाजूने उजेड आला तरी निळाच परततो. पक्षी वळला काय किंवा बघणारा हलला काय, छटा फारशी बदलत नाही.