खोलीतला तिसरा

धोबीतलावच्या चौकातून जेर महालकडे मान वर करून पाहिलं, तर आत किती गावं राहतात याचा अंदाज येत नाही. या जुन्या इमारतीत गोव्यातल्या ख्रिस्ती गावांच्या ‘कुडी’ आहेत. कूड म्हणजे कोंकणीत खोली. पाटीवर मात्र ‘क्लब’. बोटीची वाट पाहणारा खलाशी, कामाच्या शोधात आलेला आचारी, बँडमध्ये वाजवणारा, असे सगळे इथे उतरायचे. भिंतीलगत ट्रंका, जमिनीवर अंथरुणं आणि एका बाजूला आल्तार, म्हणजे वेदी. संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची, हा नियम. काही कुडींत तो मोडणाऱ्याला दंडही असे.

लालबाग-परळच्या माणसाला वाटेल, यात नवं काय? गिरणीत पाळ्या करणारे कोकणी चाकरमानीही गावाच्या खोलीत असेच दाटीवाटीने राहत, खानावळीत जेवत, रात्री भजनाला बसत. साम्य आहेच. पण त्या आल्तारामागे मैत्रीविषयीचा एक जुना कॅथलिक विचार आहे.

बाराव्या शतकात इंग्लंडमधल्या रीव्हो मठाचे प्रमुख एल्रेड यांनी मैत्रीवर एक संवादरूप पुस्तक लिहिलं. गंमत अशी, की मठांमध्ये दोघांची खास जवळीक संशयानेच पाहिली जाई, गटबाजीची भीती. एल्रेड मात्र सुरुवातीलाच सांगतात, की आपण दोघे बोलतो आहोत तेव्हा ख्रिस्त तिसरा म्हणून मध्ये आहे. एकमेकांत गुरफटून न जाता दोघांनी त्या तिसऱ्याकडे पाहायचं. कुडीत हा तिसरा मेणबत्तीच्या उजेडात सर्वांना दिसे, इतकंच. तिथले सोबती काही संत नव्हते. घोरण्यावरून, जागेवरून कुरबुरी होत असणारच. पण संध्याकाळी गुडघे टेकायचे ते एकाच आल्तारापुढे.

जेर महालपासून हाकेच्या अंतरावर सेंट झेवियर्स कॉलेज आहे, जेझुइट धर्मगुरूंनी 1869 साली सुरू केलेलं. त्या नावामागेही एक खोलीच आहे. 1529 मध्ये पॅरिसच्या सेंट बार्ब कॉलेजात तिशी ओलांडलेला, लढाईत पाय जायबंदी झालेला इग्नेशियस राहायला आला. खोलीत आधीपासून तेविशीतले दोघे होते: पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर. फेबरने वयाने मोठ्या इग्नेशियसला तत्त्वज्ञान शिकवलं आणि बदल्यात प्रार्थना शिकून घेतली. महत्त्वाकांक्षी झेवियर बरीच वर्षं हाताला लागला नाही. अखेर 15 ऑगस्ट 1534 रोजी सात मित्रांनी मोंमार्त्र टेकडीवर एकत्र व्रत घेतलं. जेझुइट संघ उभा राहिला तो या मैत्रीतून.

झेवियर 1542 मध्ये गोव्याला पोहोचला. इग्नेशियसची भेट पुन्हा झाली नाही. पत्रं यायला वर्ष-वर्ष लागे. 1546 मध्ये पूर्वेकडच्या बेटांवरून त्याने युरोपातल्या सोबत्यांना कळवलं, की मित्रांच्या पत्रांतल्या त्यांनी हाताने लिहिलेल्या सह्या कापून तो आपल्या व्रताच्या मजकुरासोबत सतत जवळ बाळगतो. धर्मप्रसाराच्या त्याच्या धडाक्याबद्दल मतं काहीही असोत, कात्री घेऊन बसलेला हा माणूस वेगळाच दिसतो. पुढे 12 मार्च 1622 रोजी इग्नेशियस आणि झेवियर या दोघा मित्रांना एकाच दिवशी संत घोषित केलं गेलं.

मैत्रीला नात्यात बसवायची सोयही या धर्मात आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी मित्राला मुलाचा धर्मपिता केलं, की तो आणि मुलाचा बाप एकमेकांचे ‘कुंपार’ होतात. मूळ पोर्तुगीज शब्द ‘कोंपाद्रे’, म्हणजे सह-पिता. वसईच्या कुपारी समाजाचं नावही त्यावरूनच आलं, असं मानतात.

कुडीतला खलाशी बोटीवर चढला, की महिनोनमहिने फिरकत नसे. ट्रंक मात्र भिंतीलगत तशीच राही, आणि संध्याकाळी उरलेले लोक त्याच खोलीत रोझरीला बसत.