जवारीचा कस
गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुस्कर गाणे शिकले मिरजेत, उत्तरायुष्यात रामनामाचा आश्रम काढला नाशिकच्या पंचवटीत, आणि १९३१ साली देह ठेवला पुन्हा मिरजेतच. गवयांचे हे गाव तंबोऱ्यांचेही आहे.

एकोणिसाव्या शतकात इथल्या शिकलगारांनी हत्यारे सोडून तंतुवाद्ये घडवायला घेतली. पंढरपूर भागातला भोपळा, जुनवान लाकूड आणि गाणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे आकार. पुरुषांना मोठा तंबोरा, स्त्रियांना लहान. खरी परीक्षा मात्र शेवटी. घोडीचा माथा केसभर घासायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि ऐकायचे. एका तारेतून इतर स्वर उमलू लागले, की जवारी साधली. तिला मोजपट्टी नाही. कारागिराचा कान हेच माप.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण होईल. कानाचे कसे होणार? घरोघरी आता विजेचा तंबोरा वाजतो. तो जुळवावा लागत नाही, म्हणून कानही घडवत नाही. रोज तारा जुळवणारा शिष्य उरला, तरच जवारी काढणारा हात उरेल.