पंचनाम्यांत न येणारें नुकसान

इसवी सन १८९६-९७ च्या दुष्काळांत श्री शाहू छत्रपति महाराजांनीं करवीर संस्थानांत स्वस्त धान्याचीं दुकानें उघडलीं. अन्न, वस्त्र व निवारा हें साहाय्य तेव्हांपासून सर्वांच्या परिचयाचें आहे. आपद्ग्रस्तांच्या आणखी एका गरजेकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पंचगंगेचें पाणी राजाराम बंधाऱ्यापाशीं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेलें. घर, पीक व जनावरें यांचे पंचनामे झाले. मनाचा पंचनामा होत नाहीं. आपत्तीनंतर आरंभीं भीति वाटणें स्वाभाविक आहे, व बहुतेकांची ती हळूहळू ओसरते. परंतु महिना उलटल्यावरही ज्यास तोच लोंढा डोळ्यांपुढें दिसतो, जो झोपेंतून दचकून उठतो, नदीकडील वाट टाळतो व पावसाच्या नुसत्या आवाजानें घाबरा होतो, त्यास आघातोत्तर तणावाचा विकार जडला असण्याचा संभव आहे. अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें १९८० सालीं या विकारास स्वतंत्र स्थान दिलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपांतून वाचलेल्यांचीही या दृष्टीनें वैद्यकीय पाहणी झाली होती.

अशा मनुष्याचें कामांत चित्त लागत नाहीं, हिशेब चुकतो, क्षुल्लक कारणानें तो घरच्यांवर संतापतो. आणि लोक त्यास आळशी ठरवितात. मदतीच्या वाटपास तो येत नाहीं, म्हणून त्यास गरज नाहीं असें मानूं नये. त्याच्या हकिगतींत मागचें पुढें झालें, एवढ्यावरून अर्ज खोटा ठरवूं नये. स्मरण विस्कळित होणें हें या विकाराचेंच एक लक्षण असूं शकतें.

स्वयंसेवकांनीं त्यास घडलें तें सांगण्याचा आग्रह करूं नये; तो बोलेल तेवढें शांतपणें ऐकावें व वैद्यकीय सल्ल्याची वाट दाखवावी. हा विकार उपचारांनीं आटोक्यांत येतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अन्वयें सरकारी सेवेंतून असे उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क आहे. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्लाही मिळतो.

तथापि रुग्णालयाच्या खेपेचें भाडें व सोबत्याची बुडालेली मजुरी कोणताही कायदा भरून देत नाहीं. तेवढ्याकरितां अनेकांचे उपचार अर्ध्यावर राहतात. तो भार उचलण्यास उदार नागरिकांनीं यथाशक्ति द्रव्यसाहाय्य करावें, अशी समितीची नम्र विनंति आहे.