*गारव्याचा हिशोब : भेंडी, आंबा आणि कोल्ड स्टोरेज*



फ्रिज-एसीचा धंदा म्हणजे शहरातलं काम, असं आपल्याला वाटतं. पण नाशिकची द्राक्षं न्हावाशेवा बंदरातून युरोपला पोचतात ती याच धंद्याच्या जोरावर. तोडणीनंतर लगेच प्रीकूलिंग, मग रीफर कंटेनरमध्ये शून्य अंशाच्या आसपास. म्हणून जहाजावर कित्येक दिवस काढूनही माल टिकतो. ते बंदर आपल्या दाराशी आहे, तळोजा-तुर्भ्याला कोल्ड स्टोरेज आहेत. तरी आपली भेंडी वाशी मार्केटला पोचेपर्यंत सुकते आणि भाव पडतो.

*असं का होतं?*
तोडलेला माल श्वास घेतच असतो. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. माल आतून तापतो, पाणी उडतं, वजन घटतं.

*पैशात बघा*
समजा भेंडी १०० किलो, भाव ३० रुपये. ८ किलो घट आली तर २४० रुपये गेले. सुकली म्हणून किलोला ३ रुपये कमी मिळाले, तर उरलेल्या ९२ किलोवर आणखी २७६. एका खेपेला ५१६ रुपये! गार ठेवण्याचा खर्च याहून कमी बसत असेल तरच कोल्ड रूम परवडते.

*आधी हे करा*
१) तोडणी पहाटे करा, ऊन चढायच्या आत माल सावलीत आणा.
२) गोणीऐवजी छिद्रांचे क्रेट वापरा.
३) विटा-वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष स्वस्त आहे, पण तो कोरड्या हवेत चांगला चालतो. आपल्या दमट हवेत गारवा कमी मिळतो, सगळी भिस्त त्यावर नको.

*कोल्ड रूम वापरताना*
✅ भेंडी ७ ते १० अंशांवर ठेवा.
❌ कच्चा हापूस १२-१३ अंशांच्या खाली नको. साल काळवंडते, फळ नीट पिकत नाही.
❌ पिकता आंबा आणि भाजी एका खोलीत नको. आंब्याच्या इथिलीन वायूने भाजी पिवळी पडते.
❌ गार केलेला माल उन्हात उघडा ठेवू नका. त्यावर पाणी धरतं आणि माल सडतो.

*कर्ज आणि काम*
२०२० पासूनच्या कृषी पायाभूत सुविधा निधीत कोल्ड रूमसाठी २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, ७ वर्षांपर्यंत. आत्ताची स्थिती बँकेत विचारून घ्या. घरातल्या मुला-मुलींसाठी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एसी मेकॅनिकचा २ वर्षांचा ट्रेड आहे. मशीन बंद पडल्यावर गावातच माणूस हवा.

👉 पुढच्या ३ खेपांचं शेतावरचं वजन, मार्केटमधलं वजन आणि मिळालेला भाव लिहून या नंबरवर पाठवा. सगळ्यांची घट एकत्र मांडूनच कंपनीने कोल्ड रूम घ्यायची की भाड्याने वापरायची, ते बैठकीत ठरवू.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, पनवेल